वहिनीचा अंदाज

माझ्या हातात ताटली आली तेव्हा मला वाटलं, चव बघायला दिलीय. आई शप्पथ, तसंच वाटलं. लिंबाएवढा भाताचा गोळा, त्याच्या बाजूला उकडलेल्या गाजराच्या चार चकत्या, अर्धं अंडं, आणि कपात इतकं पातळ सूप की कपाच्या तळाचं फूल स्वच्छ दिसत होतं. मी उभ्या उभ्याच सगळं संपवलं, ओठ पुसले आणि म्हटलं, "मीठ बरोबर आहे वहिनी. आता वाढ."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. "वाढलं की."

"कधी?"

"आत्ता तू खाल्लंस ते काय होतं मग?"

मी मागे वळून बघितलं. तळ्याकाठच्या झाडांखाली आमची पंचवीसेक स्काउट पोरं गोल करून बसली होती. गळ्यात स्कार्फ, मांडीवर ताटल्या, आणि सगळ्या ताटल्या रिकाम्या. सगळे वहिनीच्या हातातल्या डावाकडे बघत होते. एक छोटा तर चमचा उभा धरून तयारीत बसला होता, खरं जेवण आलं की लगेच तुटून पडायचं म्हणून.

वहिनीनं पातेल्यावर झाकण ठेवलं, पदराला नाही, चांगल्या पांढऱ्या टॉवेलला हात पुसले आणि खुशीत जाहीर केलं, "चला, आपापल्या ताटल्या धुवून टाका पटपट!"

आता मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल कुणीतरी खादाड बाई उगाच बोंब मारतेय. खादाड आहेच मी, त्यात लाज कसली? मी शाळेची गाडी चालवते. दिवसभर क्लच, ब्रेक आणि मागच्या सीटवरची भांडणं. पोटात काही नसेल तर इंजिनाच्या आधी माझं डोकं तापतं. स्काउटच्या पोरांना शिबिराला न्यायचं, तीन दिवस तिथंच राहायचं आणि परत आणायचं, असं माझं काम ठरलं होतं. जेवणाखाणाची जबाबदारी वहिनीकडे, म्हणजे माझ्या दादाच्या बायकोकडे. म्हटलं चला, तीन दिवस आयतं गिळायला मिळेल. कसलं काय!

वहिनी पार्सलच्या ऑफिसात काउंटरवर असते. गिऱ्हाइकानं खोकं पुढं केलं की ती ते हातात घेते, जरा वरखाली करते, वजन सांगते आणि मगच काट्यावर ठेवते. काटा निमूटपणे तिचंच खरं करतो. एकदा एका गृहस्थानं फार वाद घातला, तेव्हा तिनं त्याचं खोकं त्याच्याच हातात परत दिलं आणि म्हणाली, "घरी नेऊन मोजा, मी कुठं पळून जात नाही." दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून आला. तेव्हापासून तिला स्वतःच्या अंदाजाचा असा काही गर्व झालाय की विचारू नका. भाजी असो, कापड असो, पाहुण्यांची गादी असो, ती नुसती नजर टाकते आणि म्हणते, "पुरेल." आणि पुरतं, हे कबूल करायला हवं.

पिपाणी म्हणजे तिची मुलगी, माझी भाची. जन्मल्यावर जी रडायला लागली ती थांबेचना, म्हणून दादानं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पिपाणी स्काउटमध्ये जायला लागली तशी वहिनीही जायला लागली. बाकीच्या आया पोरांना मैदानाच्या फाटकात सोडून आपल्या कामाला पळायच्या. ही कडेला बसून राहायची आणि बसल्या बसल्या पोरांच्या आधी सगळ्या गाठी शिकायची. मग ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पार्सलांवर त्याच गाठींचा सराव. लोकांना घरी गेल्यावर खोकी उघडता उघडेनात, तक्रारी आल्या. शेवटी तिच्या साहेबांनी तिला बोलावून हात जोडले, "बाई, सुतळीवर दया करा."

पथकाचे सर शाळेत खेळ शिकवतात. पोरं त्यांना शिट्टीसर म्हणतात, कारण ते तोंडानं कमी आणि शिट्टीनं जास्त बोलतात. वर्षभरात शिट्टीसरांचं वहिनीवाचून पान हलेनासं झालं. कुणाचा स्कार्फ हरवला, कुणाचा बॅज शिवायचा राहिला, कुणाला तंबूची भीती वाटते, सगळं तिच्याकडे. ऑफिसात आठ तास उभं राहायचं, घरी येऊन स्वयंपाक, त्यानंतर दुसऱ्यांच्या पोरांचे बॅज. मी तिला म्हणायचे, "तुला पगार देतात का गं तिकडे?" तर ती म्हणायची, "तू गप गं गाडीवाली." तिनं माझं नावच गाडीवाली ठेवलंय.

मग तिचे गुडघे बोलायला लागले. जिना चढताना आधी गुडघ्यांचा आवाज यायचा, मागून वहिनी. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर काउंटरवर उभं राहणं विसरा. आता ही बाई कुठली गोष्ट अर्धवट करते? तिनं मनावर घेतलं ते असं घेतलं की घराचा नकाशाच बदलला. मोठी ताटं कपाटावर गेली, चहाच्या बशांएवढ्या ताटल्या आल्या. डाव जाऊन चमचा आला. साखर गेली, लोणी गेलं, बटाटा तर त्या घरातून असा हद्दपार झाला की जणू त्यानं चोरी केली होती. वर्षभरात वहिनी निम्मी झाली. गुडघे गप्प बसले. ऑफिसातल्या बायका तिला बाजूला घेऊन कानात विचारायला लागल्या, काय करतेस, आम्हालाही सांग की!

पण जी बाई खात नाही ती दिवसरात्र खाण्याबद्दलच बोलते, हे मला तेव्हा कळलं. वहिनीला शोध लागायला लागले. शनिवारी मैदानावरून निघाली की ती दुकानं पालथी घालायची. प्रत्येक पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायची, चष्मा कपाळावर चढवून. आणि काही मिळालं की लगेच फोनवर सगळ्यांना फोटो, खाली मोठ्या अक्षरात, "सापडलं!" साखर नसलेला जॅम सापडला. हवेनं फुगवलेल्या तांदळाच्या चकत्या सापडल्या, ज्या खाताना आवाज होतो आणि बाकी काहीच होत नाही. एकदा मी तिच्याकडे जेवायला गेले, तर पांढराशुभ्र मोकळा भात. मी मोठा घास घेतला आणि तोंड वाकडंच झालं.

"हा कसला भात?"

"फ्लॉवरचा!" वहिनीचे डोळे चमकले. "किसलेला फ्लॉवर. ओळखू पण येत नाही की नाही?"

दादा ताटलीकडे बघत म्हणाला, "आमच्या घरी आजकाल सगळेच वेष बदलून येतात." दादाला बोलायला काय जातंय! तो कारखान्यात कामाला, तिथल्या कँटीनमध्ये सकाळी एकदा आणि दुपारी एकदा भरपेट हाणतो आणि घरी येऊन ताटलीपुढे साधूसारखा बसतो. मी त्याला चिमटा काढला, तर त्यानं मला डोळ्यांनी गप्प केलं.

पिपाणीचं मात्र सगळीकडे कौतुक. बारा वर्षांची पोर, पण हट्ट नाही, मागणं नाही, नाक मुरडणं नाही. पुढ्यात येईल ते मुकाट्यानं खायचं आणि "पोट भरलं" म्हणून उठायचं. बाकीच्या आया आपापल्या पोरांच्या मागे वाट्या घेऊन धावायच्या आणि वहिनीला म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. वहिनी तेव्हा अशी फुलायची! पोर यंदा एकदम उंच झाली होती, गाल बसले होते, पण त्या वयात मुली शिडशिडीत होतातच, असं सगळेच म्हणत होते. स्काउटमध्येही ती तिच्या तुकडीची प्रमुख झाली होती.

शिबिराच्या जेवणाचं कोण बघणार, असा प्रश्न आल्यावर वहिनीनं हात वर केला, यात नवल काहीच नव्हतं. मागच्या वेळी आणलेल्या आचाऱ्यानं दोन दिवस करपलेलं खायला घातलं होतं. शिट्टीसर म्हणाले, "ताई, सामानाची यादी करून दाखवाल का?" वहिनी हसली. "यादी कशाला सर? मला अंदाज आहे." सरांनी मान डोलावली. तिच्या अंदाजाबद्दल शंका घेण्याची हिंमत त्या गावात कुणाच्यात नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी सामान गाडीत चढलं आणि मला चुकल्यासारखं वाटलं. मागच्या वर्षी शिबिराचा शिधा चढवला तेव्हा गाडीची मागची बाजू अशी बसली होती की खड्ड्यात खालून घासत होती. या वेळी गाडी तशीच ताठ उभी. मी वाकून टायर बघितले. "वहिनी, काही राहिलं नाही ना गं घरी?"

"सगळं आलंय. हलकं आणि पौष्टिक," ती म्हणाली आणि ऐटीत माझ्या शेजारी येऊन बसली.

तर असं आमचं ते पहिलं जेवण. पोरं पहिल्या दिवशी हसत होती. दुपारी थोडंच असेल, संध्याकाळी मोठं जेवण असेल, अशी त्यांनी आपापसात समजूत घातली. मीही तीच घातली, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी चुली पेटल्या, पोरांनी मोठ्या हौसेनं गाजरं चिरली, पाणी उकळलं. आणि पुन्हा ताटलीत तेवढंच! फक्त अंड्याच्या जागी हवेची चकती. मी चकती दाताखाली धरली आणि वहिनीकडे बघितलं. ती सगळ्यांना आग्रह करत होती, "सावकाश चावा, बत्तीस वेळा चावा." बत्तीस वेळा चावायला तोंडात काही हवं ना!

सरांना मी हळूच म्हटलं, "सर, पोरं उपाशी आहेत." सर म्हणाले, "मोकळ्या हवेत भूक जास्त लागते, पहिल्या दिवशी पोरं कुरकुरतातच." त्यांचं स्वतःचं पोट गुरगुरत होतं, मला ऐकू येत होतं, पण त्यांनी मुकाट शिट्टी तोंडात धरली. गाडीच्या खणात माझा बिस्किटाचा पुडा होता. शिबिरात घरचा खाऊ आणायचा नाही असा नियम, म्हणून मी तो लपवून खायला बसले, तर काचेला चार नाकं चिकटलेली. निम्मा पुडा गेला त्या नाकांना.

दुसऱ्या दिवशी मात्र पोरांनी हात टेकले. सकाळच्या पातळ खिमटीवर त्यांना टेकडी चढायला नेलं होतं. अर्ध्या वाटेत सगळ्यात आडदांड पोरगा रस्त्यातच बसला आणि म्हणाला, "सर, मला काही झालेलं नाही, पण मी आता उठत नाही." त्याच्या मागे दुसरा बसला, तिसरी बसली. एक छोटी रडायला लागली. सरांनी शिट्टी फुंकली, तर ती पण पिचकी वाजली. चढण अर्धी टाकून सगळी वरात खाली आली, मोठी पोरं तंबूत जाऊन आडवी झाली, आणि शिट्टीसर पहिल्यांदाच शिट्टीशिवाय बोलले, "ताई, सगळे डबे उघडा."

वहिनीला राग आला होता. तिनं एकेक डबा आमच्यासमोर आपटत उघडला. "बघा! भरपूर आहे. परत जाताना उरेल, मी सांगते."

मी डब्यात डोकावले आणि माझे डोळे पांढरे झाले. उरलेल्या दीड दिवसासाठी होतं किती? माझ्या घरी चार माणसं जेवायला आली असती तर मी तेवढ्यावर त्यांच्यासमोर गेलेच नसते! तळाला तांदळाची पिशवी, गाजरांची एक पिशवी, जॅमच्या दोन बाटल्या, बाकी सगळ्या चकत्या.

"वहिनी, अगं पंचवीस पोरं आहेत!"

"मला माहीत आहे किती आहेत ते. मी काय डोळे मिटून आणलं? नीट हिशेब करून आणलंय."

"कसला हिशेब?"

"सरळ आहे," ती म्हणाली, आणि अजूनही तिचा आवाज चढलेलाच होता. "ही सगळी पिपाणीच्याच वयाची, काही तर लहानच. पिपाणी एका वेळेला किती खाते ते मला रोज दिसतं. तेवढं धरलं, त्याला पोरांनी गुणलं, वर थोडं जास्तच घेतलं."

सर डब्याकडे बघत होते. मी वहिनीकडे बघत होते. कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं. ती लिंबाएवढी भाताची मूद माझ्या डोळ्यांसमोर आली.

"पिपाणी रोज एवढंच खाते?" मी विचारलं.

"हो. तेवढ्यात भरतं तिचं पोट. कधी मागितलं नाही तिनं."

"दोन्ही वेळेला?"

"अगं हो! शाळेच्या डब्यात पण तेवढंच देते. कधी काही..." आणि वहिनी मध्येच थांबली. तिनं पुन्हा डब्यात बघितलं. तंबूंकडे बघितलं, तिथून कण्हल्याचे आवाज येत होते. मग हात पुढं करून तिनं तांदळाची पिशवी उचलली, हातावर तोलली, जशी ती काउंटरवर खोकी तोलते. पिशवी तिच्या हातात तशीच राहिली. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला आणि ती म्हणाली, "पिपाणी कुठंय?"

टेकडीवरून खाली आल्यावर पिपाणी तेवढी आडवी झाली नव्हती. आम्ही दोघी तंबूंच्या मागे गेलो. तिथं लहान पोरांची तुकडी सावलीत बसली होती आणि मध्ये आमची पिपाणी, आमच्याकडे पाठ करून. ती त्यांना काहीतरी शिकवत होती. मला वाटलं गाठी शिकवतेय.

"आधी पाणी प्यायचं," ती सांगत होती. "एकदम नाही, घोट घोट. पोटाला वाटतं, काहीतरी आलं."

"मी प्यायलो," एक छोटा म्हणाला. "तरी दुखतंय."

"मग स्कार्फ काढ. असा पोटावर बांध. अजून घट्ट. हां. थोडा वेळ कळत नाही मग."

"आणि परत कळलं की?"

"मग पाढे म्हणायचे. खाण्याचा विचारच नाही करायचा. पहिल्यांदा रडू येतं, पण नंतर सवय होते."

ज्या छोटीनं वाटेत भोकाड पसरलं होतं, ती म्हणाली, "ताई, तुझी आईच तर वाढते. तिला सांग ना, आम्हाला भूक लागलीय म्हणून."

"नाही हं!" पिपाणी एकदम वळली, पण आमच्याकडे नाही. "आईला सांगायचं नाही. तिला पण लागलेली असते. ती आपली भूक दाबून बसते आणि आपण मागितलं की तिला अजून लागते. आपण 'पोट भरलं' म्हणायचं. मग ती किती खूश होते, माहितीय?"

दंडाला काहीतरी घट्ट लागलं म्हणून बघितलं, तर वहिनीनं माझा हात धरला होता. ती रडत नव्हती. ती नुसती उभी होती. मला त्या क्षणी तिच्यावर ओरडायचं होतं, तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या, पण तिचं तोंड बघून मी ओरडले नाही. पिपाणीला आमची चाहूल लागायच्या आत मी वहिनीला ओढत गाडीकडे नेलं.

सर्वात जवळचं दुकान अर्ध्या तासावर. मी गाडी अशी हाणली की माझ्या आयुष्यात कधी हाणली नव्हती. वहिनी शेजारी बसली होती, तांदळाची पिशवी अजून मांडीवर. वाटेत ती एकदाच बोलली, "तुझ्या दादांना कँटीन आहे, नाही का." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मला माहीत होतं. मला वाटायचं, निदान ते तरी पोटभर..."

दुकानात मी टोपली तिच्या हातात दिली. ब्रेड, अंडी, बटाटे, चीज, केळी, सगळं समोर. आणि ही बाई, जिनं प्रत्येक पुड्याची मागची बाजू वाचल्याशिवाय कधी काही उचललं नाही, ती बटाट्यांच्या ढिगापुढे हात लोंबकळत ठेवून उभी राहिली.

"घे ना," मी म्हटलं.

"किती घेऊ?"

"अगं, तुला अंदाज..."

"मला कळत नाहीये," वहिनी म्हणाली. "खरंच कळत नाहीये गं. एका पोराला किती लागतं? तू सांग."

मी सांगितलं नाही. मी पोतंच उचललं. दुकानदार म्हणाला, लग्न आहे का काय, तर मी त्याच्यावर उगाचच खेकसले. बिचाऱ्याचा काय दोष! परत येताना गाडीची मागची बाजू बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला घासत होती.

ऊन उतरायच्या आत जेवण तयार झालं. उकडलेल्या बटाट्यांच्या वाफा, तळलेली अंडी, जाड कापलेला ब्रेड, वर वितळलेलं चीज. पोरांनी जो काही हल्ला चढवला! आडदांड पोरगा दोन्ही हातांनी जेवत होता. शिट्टीसर झाडाला टेकून जेवत होते आणि मध्येच डोळे मिटत होते. मी स्वतः किती खाल्लं ते विचारू नका. पिपाणी तुकडीची प्रमुख, तिनं आधी सगळ्या छोट्यांना वाढलं, त्यांच्या पोटावरचे स्कार्फ सोडले. मग ब्रेडचा एक काप घेऊन कडेला जाऊन बसली.

वहिनी एक मोठी थाळी भरून तिच्यापुढे घेऊन गेली. मी मागे उभी होते. पिपाणीनं थाळी बघितली आणि विचारलं, "हे कुणाचं?"

"तुझं."

"सगळं?"

"सगळं. भूक लागलीय ना तुला?"

"नाही आई, पोट भरलं," पिपाणी म्हणाली. इतकं सहज म्हणाली! ओठांवरच ठेवलेलं असल्यासारखं. मग तिनं आईच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि थाळी तिच्याकडे सरकवली. "तू खा. तू सकाळपासून काहीच घेतलं नाहीस. मला सवय आहे."

वहिनी खाली बसली. मग तिनं एक बटाटा फोडला, अर्धा तोंडात घातला आणि म्हणाली, "मला भूक लागलीय पिपाणी. फार दिवस लागलीय. मी खाते. तू पण खा. दोघी मिळून खाऊ."

पिपाणीनं दुसरा अर्धा उचलला. आधी आईकडे बघितलं. वहिनीनं मान हलवली, तेव्हा तो तोंडात गेला. मग अंडं, त्याआधी पुन्हा बघणं. पुन्हा मान. मग ब्रेड. सुरुवातीला हळूहळू, मग भराभरा, पण प्रत्येक नवीन गोष्ट उचलताना त्या पोरीची नजर वर जायची आणि वहिनी मान हलवायची, आणि मी गाडीची किल्ली हातात गच्च धरून ते बघत होते. थाळीत शेवटी एक बटाटा उरला. पिपाणीनं तो उचलला आणि वर बघितलं. पण आता वहिनीचा धीर सुटला होता. डोळ्यांतलं पाणी पोरीला दिसू नये म्हणून तिनं तोंड फिरवलं.

पिपाणीनं बटाटा थाळीत परत ठेवला आणि म्हणाली, "पोट भरलं आई."